आडनाव बदलावे की अर्जाची पहिली ओळ?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाकडे निरनिराळ्या बाजूंनी येतात, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. तिन्ही पत्रलेखकांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे, आणि विषय पाहता ती रास्तच आहे. काही तपशील त्यांच्या संमतीने गाळले आहेत.

प्रश्न (मिसिसागा, कॅनडा) : मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातील मेकॅनिकल इंजिनियर आहे. चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात अनेक वर्षे काम केल्यानंतर पत्नी आणि मुलीसह पी.आर. (कायम वास्तव्याचा परवाना) घेऊन कॅनडात आलो. येथे आल्यापासून गोदामात रात्रपाळी करीत आहे, कारण माझ्या क्षेत्रातील अर्जांना उत्तरेच येत नाहीत. नोकरीविषयी मार्गदर्शन करणाऱ्या एका गृहस्थांनी मला सरळ सुचविले की, ‘कर’ने संपणारे हे लांबलचक आडनाव सोडून एखादे सुटसुटीत इंग्रजी आडनाव घ्यावे. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी तसे केलेही आहे. याने खरोखर फरक पडतो का? हे कायदेशीर आहे का, की ही फसवणूक ठरेल? आणि आमच्या भारतातील कागदपत्रांचे काय होईल? गावी वडिलांच्या कानावर हा विचार गेल्यापासून ते माझ्याशी फोनवर बोललेले नाहीत.

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण आपल्या पत्रात कुठेतरी अशी शंका जाणवते की दोष आपल्यातच असावा. नावावरून अर्ज बाजूला पडतात, हे आता केवळ ऐकीव राहिलेले नाही. टोरांटो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलोस यांनी टोरांटो परिसरातील नोकरीच्या जाहिरातींना हजारो काल्पनिक रेझ्युमे पाठवून हे तपासले, आणि २०११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अर्जांमध्ये नाव, पदवीचे ठिकाण आणि कामाचा अनुभव यांची अदलाबदल केलेली होती. परदेशी अनुभवासाठी निवडलेल्या शहरांत मुंबईही होती, त्यामुळे ही पाहणी आपल्या घराच्या बरीच जवळची आहे. इंग्रजी नाव, कॅनडातील शिक्षण आणि कॅनडातील अनुभव असलेल्या अर्जांपैकी सुमारे १६ टक्क्यांना मुलाखतीसाठी विचारणा झाली. भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नाव आणि शिक्षण व अनुभव दोन्ही परदेशी असलेल्यांना ती ५ टक्के झाली. नाव तेच ठेवून अनुभव मात्र कॅनडातील दाखविला, तेव्हा प्रमाण ११ टक्क्यांवर गेले.

हे तीन आकडे थोडे थांबून पाहावेत, कारण आपला निर्णय त्यांच्यावरच अवलंबून आहे. ५ वरून ११ पर्यंतची चढण अनुभवाची आहे आणि ११ वरून १६ पर्यंतची नावाची. आपले नाव उद्या पूर्ण इंग्रजी झाले आणि रेझ्युमेवरील अनुभव चाकणचाच राहिला, तर आपण ५ वरून थेट १६ वर जाणार नाही. त्याच पाहणीत ब्रिटनमधून आलेल्या, इंग्रजी नावाच्या उमेदवारांना परदेशी अनुभव असूनही स्थानिकांइतकाच प्रतिसाद मिळाला, हेही नोंदविले पाहिजे. म्हणजे ‘परदेशी अनुभव नको’ या सबबीतही कोणता परदेश, हा भेद दडलेला आहे. नामांकित महाविद्यालयाची पदवी, बहुराष्ट्रीय कंपनीतील काम किंवा भाषेवरील प्रभुत्व रेझ्युमेवर स्पष्ट लिहिल्यानेही ही दरी कमी झाली नाही. भरती करणाऱ्यांना विचारले असता त्यांनी उमेदवाराच्या इंग्रजीविषयी काळजी वाटते असे कारण दिले, पण ते इंग्रजी उत्तम असल्याचा पुरावा समोर असतानाही त्यांनी तो हिशेबात धरला नव्हता.

ज्यांनी खरोखर आडनाव बदलले त्यांचे पुढे काय झाले, याचा सर्वांत नेमका अभ्यास स्वीडनमधील आहे. १९९० च्या दशकात आशियाई, आफ्रिकी आणि स्लाव वळणाची आडनावे सोडून स्वीडिश वाटणारी किंवा कोणत्याच देशाची न वाटणारी आडनावे घेतलेल्या स्थलांतरितांच्या मिळकतीची अरई आणि स्कोगमन थूर्सी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पाहणी केली, आणि नावबदलानंतर ती लक्षणीय वाढल्याचे त्यांना आढळले. अमेरिकेतही १९३० पर्यंत नागरिकत्व घेतलेल्या स्थलांतरितांच्या नोंदी तपासल्यावर असेच दिसले : ज्यांनी जॉन किंवा विल्यम यांसारखी अगदी रुळलेली नावे घेतली, त्यांना व्यवसायावरून काढलेल्या मिळकतीत किमान १४ टक्के लाभ झाला. (न्यूयॉर्कजवळ एलिस बेटावर जहाजाने आलेल्या स्थलांतरितांची तपासणी होई. तेथील अधिकाऱ्यांनी लोकांची नावे परस्पर बदलून टाकली ही कथा आपणही ऐकली असेल. ती खरी नाही. अधिकारी जहाजावरील याद्यांवरूनच काम करीत. नावे बदलली ती बहुधा लोकांनी स्वतः, शहरात काही काळ काढल्यावर आणि नोकरीचा बाजार पाहिल्यावर.)

तेव्हा आपल्याला सल्ला देणारे गृहस्थ चुकीचे बोलले असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांनी सुचविलेल्या उपायाची किंमत त्यांनी आपल्याला सांगितली नाही, आणि त्याच्याहून स्वस्त उपायही सांगितला नाही.

नावामुळे अर्ज अडतो तो बहुतेक एकाच जागी, म्हणजे कोणीतरी शे-दोनशे रेझ्युमे भराभर वाचून दहा बाजूला काढतो तेथे. त्यापुढे मुलाखतीत चेहरा, उच्चार आणि कामाचे ज्ञान समोर असते, आणि तेथे आडनाव कोणते हे कोणाच्या फारसे लक्षात राहत नाही. म्हणून त्या पहिल्या वाचकाच्या नजरेस काय पडते तेवढेच आधी बदलून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आशियाई उमेदवारांच्या ज्या रेझ्युमेंवर पहिले नाव इंग्रजी करून वांशिक ओळख सांगणारे तपशील पुसट केले होते, त्यांना २१ टक्के प्रतिसाद मिळाला. न बदललेल्यांना ११.५ टक्के. तेथे आडनाव चिनीच ठेवले होते. आणखी एक गोष्ट या प्रयोगातून पुढे आली, जी मला अधिक अस्वस्थ करणारी वाटते : ‘आम्ही सर्व समाजघटकांचे स्वागत करतो’ असे जाहिरातीत आवर्जून लिहिणाऱ्या कंपन्यांनीही भेदभाव कमी केला नव्हता. जाहिरातीतील त्या ओळीवर विश्वासून कोणी आपला रेझ्युमे मोकळेपणाने लिहील तर तो फसेल.

आपल्या बाबतीत याचा अर्थ असा की, पासपोर्टावर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात वडिलांचे नाव जोडून आलेले असेल तर ते रेझ्युमेवर लिहू नये, पहिल्या नावाचे जे लहान रूप कारखान्यात किंवा मित्रांत चालत होते ते वापरावे, आडनाव आहे तसे ठेवावे, स्थानिक पत्ता व दूरध्वनी ठळक द्यावा, आणि चाकणचा अनुभव गावाच्या नावाने सुरू न करता ज्या मानकांवर व ज्या ग्राहक कंपन्यांसाठी काम केले त्यांच्यापासून सुरू करावा. गुणवत्ता विभागातील मानके जगभर तीच असतात, हा आपल्याला इतर अनेकांपेक्षा मोठा फायदा आहे. यात फसवणूक नाही. ज्या नावाने आपल्याला ओळखतात ते नाव रेझ्युमेवर लिहिण्यास कायद्याची हरकत नाही. फसवणुकीचा प्रश्न पुढे येतो : नोकरी निश्चित झाल्यावर भरावयाचे फॉर्म, सोशल इन्शुरन्स नंबर (नोकरी व करासाठीचा सरकारी क्रमांक), पार्श्वभूमीची पडताळणी आणि कराची कागदपत्रे यांवर पासपोर्टावरचेच नाव पाहिजे, आणि पूर्वी कोणत्या नावाने काम केले असे विचारले तर ते सांगितले पाहिजे. अजिबात न वापरलेले इंग्रजी आडनाव नुसते रेझ्युमेवर टाकणे मात्र टाळावे. पदवी एका नावाची आणि उमेदवार दुसऱ्या नावाचा, हे कोडे सोडविण्याची तसदी भरती करणारा घेत नाही.

आता कायदेशीर नावबदलाविषयी. आपण राहता त्या ऑन्टारिओ प्रांतात तो अवघड नाही. प्रांतात किमान बारा महिने वास्तव्य असलेल्या प्रौढ व्यक्तीला अर्ज करता येतो, शुल्क १३७ डॉलर आहे, कारण पटवून देण्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही, आणि झालेला बदल सामान्यतः प्रांताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतो. (शेजारच्या क्वेबेकमध्ये हेच गंभीर कारणाशिवाय होत नाही, तेथे तर १९८१ पासून लग्नानंतर पत्नीला पतीचे आडनावही लावता येत नाही.) म्हणजे कॅनडाच्या बाजूचा खर्च दीडशे डॉलरच्या आत आहे, आणि तेवढाच आकडा ऐकून लोक फसतात.

आपण अजून भारतीय नागरिक आहात. म्हणून ऑन्टारिओचे प्रमाणपत्र हाती आल्यावर भारतीय पासपोर्ट नव्या नावाने काढावा लागेल, आणि त्यासाठी वकिलातीकडे प्रतिज्ञापत्र व वृत्तपत्रांतील जाहिराती द्याव्या लागतील. त्यानंतर पी.आर. कार्ड, आरोग्य कार्ड, वाहन परवाना, बँक. मग भारत : आधार, पॅन, एन.आर.ओ. खाते (परदेशस्थ भारतीयांचे येथील बँक खाते), विमा आणि चाकणच्या नोकरीतील भविष्यनिर्वाह निधी. नावातील एका अक्षराच्या फरकामुळे पी.एफ.चा दावा परत आल्याचे आपल्या ओळखीत कोणी ना कोणी सांगेलच; येथे अख्खे आडनाव वेगळे असेल. विद्यापीठाची पदवी आणि गुणपत्रके जुन्याच नावाची राहतील, आणि त्यांचे मूल्यमापन जेव्हा जेव्हा करून घ्याल तेव्हा नावबदलाचा पुरावा जोडावा लागेल.

सर्वांत दूरवरची अडचण जमिनीची आहे. सातबाऱ्यावर आज कदाचित आपले नाव नसेल, पण वारसनोंदीची वेळ येईल तेव्हा तलाठ्यासमोर वडिलांचे आडनाव एक आणि मुलाचे दुसरे असेल. हक्क त्यामुळे जात नाही, वारसा नावावर चालत नसून नात्यावर चालतो. परंतु ते नाते प्रतिज्ञापत्रे, राजपत्राची प्रत आणि साक्षीदार यांनी सिद्ध करीत बसावे लागते, आणि भाऊबंदकीत वाद असेल तर समोरच्याला आयतेच निमित्त मिळते. माझ्या मते, आडनाव बदलायचेच ठरले तरी ते कॅनडाचे नागरिकत्व घेण्याच्या टप्प्यावर बदलावे. तेव्हा भारतीय पासपोर्ट तसाही जमा करावा लागतो आणि ओ.सी.आय. कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींचे कार्ड) नव्याने निघते, त्यामुळे कागदांची एक संपूर्ण साखळी वाचते.

आपल्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत दोन नियम बदलले आहेत. आडनावापेक्षा आज त्यांचा उपयोग मोठा आहे. ऑन्टारिओच्या व्यावसायिक अभियंता मंडळाने परवान्यासाठी कॅनडातीलच अनुभव हवा ही अट मे २०२३ मध्ये काढून टाकली. आणि १ जानेवारी २०२६ पासून, २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना ऑन्टारिओत नोकरीच्या सार्वजनिक जाहिरातीत ‘कॅनडातील अनुभव आवश्यक’ असे लिहिता येत नाही. कागदावरची अट गेली म्हणून मनातली जाते असे नाही, पण परवान्याची प्रक्रिया आता सुरू केल्यास रेझ्युमेवर कॅनडातील एका संस्थेचे नाव येते. वंश, मूळ देश किंवा पूर्वज यांवरून नोकरी नाकारणे प्रांताच्या मानवाधिकार संहितेनुसार बेकायदा आहे आणि घटनेपासून एक वर्षाच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. परंतु ज्या अर्जाला उत्तरच आले नाही त्याबाबत भेदभाव सिद्ध करणे किती कठीण आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

वडिलांविषयी. त्यांचे दुःख मी हलके लेखत नाही. तरीही आपल्याकडची आडनावे अनादि काळापासून अचल आहेत असे मानण्याचे कारण नाही. गावावरून ‘कर’ लागले, वतनावरून कुलकर्णी, देशमुख, पाटील झाले, आणि एकाच कुळातील भावांच्या शाखा गाव बदलला तशा वेगळी आडनावे लावू लागल्या. शिवाय ज्या घरात सुनेचे नाव आणि आडनाव दोन्ही लग्नाच्या दिवशी तांदळात नवे लिहिले जाते, त्या घराला नावबदल ही अनोळखी गोष्ट वाटू नये. आपल्या पत्रात पत्नीचे मत कोठेही आलेले नाही. त्यांनी एकदा आडनाव बदलले असेल तर कागदपत्रांचा हा सगळा प्रवास त्यांनी केलेला आहे. वडिलांच्या आधी त्यांना विचारा. वडिलांना मात्र एवढे कळवा की रेझ्युमेच्या पहिल्या ओळीपलीकडे आज काही बदलणार नाही. तेवढ्याने बोलणे पुन्हा सुरू होण्याची शक्यता आहे.

प्रश्न (श्टुटगार्ट, जर्मनी) : पाच वर्षे पूर्ण झाल्याने मी जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करीत आहे. त्या वेळी आडनाव जर्मन पद्धतीचे करून घेता येते असे कळले. मी संगणक क्षेत्रात आहे आणि पुढील नोकरीसाठी त्याचा उपयोग होईल असे वाटते. वडिलांचे नाव माझ्या पहिल्या नावालाच चिकटून आले आहे, त्याचाही रोज त्रास होतो.

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. जर्मन नागरी संहितेच्या प्रस्तावना कायद्यातील कलम ४७ नुसार, परदेशी कायद्याखाली मिळालेले नाव घेऊन जी व्यक्ती जर्मन कायद्याच्या कक्षेत येते, तिला नोंदणी कार्यालयात निवेदन देऊन नावाचा मेळ बसवून घेता येतो : पहिले नाव कोणते आणि आडनाव कोणते हे ठरविता येते, जर्मन कायद्याला माहीत नसलेला नावाचा भाग गाळता येतो आणि नावाचे जर्मन रूप असल्यास ते घेता येते. वडिलांच्या नावाचा प्रश्न याच तरतुदीने सुटावा, आणि तो जरूर सोडवून घ्या. मराठी आडनावाला मात्र तयार जर्मन रूप सहसा नसते, त्यामुळे सर्वस्वी नवे आडनाव हवे असेल तर तो निराळा, कारणे द्यावी लागणारा अर्ज ठरेल.

उपयोगाविषयी मी अधिक साशंक आहे. जर्मनीत अर्जावर छायाचित्र लावण्याची पद्धत अजून बरीच टिकून आहे, आणि छायाचित्र असलेल्या अर्जावर आडनाव एकटे काम करीत नाही. ऑस्ट्रियातील लिंत्स विद्यापीठाच्या डोरिस वाइकसेलबाउमर यांनी एकाच स्त्रीचे छायाचित्र लावून अर्ज पाठविले. जर्मन नाव होते तेव्हा १८.८ टक्के, तुर्की नाव होते तेव्हा १३.५ टक्के आणि तुर्की नावाबरोबर छायाचित्रात हिजाब होता तेव्हा ४.२ टक्के प्रतिसाद मिळाला. नावाचा परिणाम आहे, पण त्याहून मोठा परिणाम डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीचा होता. हे आकडे तुर्की नावाचे आहेत; मराठी आडनावाला ते जसेच्या तसे लावू नयेत. माणसे मिळत नाहीत अशी ओरड असलेल्या संगणक क्षेत्रात आपला तोटा त्याहून कमी असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

नावच न दिसेल असे अर्ज मागवावेत, हा उपाय युरोपात अनेकदा सुचविला गेला. फ्रान्सने २००६ साली तसा कायदाही केला, पण तो प्रत्यक्षात आला नाही. पुढे काही कंपन्यांनी स्वेच्छेने प्रयोग केला तेव्हा स्थलांतरित उमेदवारांच्या संधी उलट घटल्या. ज्या कंपन्या स्वेच्छेने पुढे आल्या त्या बहुधा आधीपासूनच अशा उमेदवारांकडे सहानुभूतीने पाहणाऱ्या होत्या, आणि नाव झाकल्यावर रेझ्युमेतील खंड किंवा उणिवा समजून घेण्याचे कारणही त्यांच्यापासून झाकले गेले.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : पुढील वर्षी मी उच्च शिक्षणासाठी कॅनडाला जाणार आहे. माझे आडनाव महाराष्ट्रात ऐकताच जात कळते, आणि महाविद्यालयापासून पहिल्या नोकरीपर्यंत त्याचा अनुभव मी घेतला आहे. तेथील लोकांना ते कळणार नाही, पण तेथील भारतीयांना कळेल. जाण्यापूर्वीच गावाच्या नावावरून आडनाव घ्यावे, असा विचार मनात आहे. आमच्या घरात यावर दोन तट आहेत.

उत्तर : आपले पत्र वाचल्यावर वरील दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटली. टोरांटोतला भरती अधिकारी आडनाव वाचून दचकतो याचे आपल्याला आश्चर्य वाटते. पण खोली भाड्याने घेताना, वर्गात पहिल्या दिवशी किंवा प्रवासातल्या गप्पांत ‘आडनाव काय?’ हा प्रश्न आपल्याकडे दुसऱ्याच वाक्याला येतो आणि त्याचे उत्तर कशासाठी हवे असते हे सर्वांना माहीत असते. याचीही मोजणी झाली आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि बंगळूर येथील इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज केवळ नावे बदलून पाठविले आणि निष्कर्ष २००७ साली मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अ‍ॅण्ड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध केले. उच्चवर्णीय हिंदू नावाला १ धरले तर दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याचे गुणोत्तर ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघाले. ज्यांनी ते अर्ज चाळले ते आपल्यातलेच होते.

परदेशातील भारतीयांविषयी आपली भीती निराधार नाही. सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावास बंदी घातली, आणि ऑन्टारिओच्या मानवाधिकार आयोगाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केले की जातीवरून होणारा भेदभाव वंश, पूर्वज, मूळ देश, धर्म अशा संहितेतील आधारांखाली येतो आणि तक्रारीस पात्र आहे. असे बोलण्याची वेळ यावी, यातच बरेच काही आले. आपण ऑन्टारिओत जाणार असाल तर ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता घरातील दोन तट. एका बाजूचे म्हणणे असे असणार की आडनाव लपविणे म्हणजे हार मानणे. मी ते मत मोठ्या आदराने ऐकतो, पण ज्याला रोज त्याची किंमत मोजावी लागत नाही त्याने ते दुसऱ्याला ऐकवू नये. बाबासाहेबांच्या वडिलांचे आडनाव सकपाळ होते आणि शाळेत नोंद झाली ती गावावरून आंबडवेकर अशी. त्यामुळे त्यांच्या लढ्यातले काही उणे झाले नाही. दुसऱ्या बाजूला, नवे आडनाव पूर्ण आच्छादन देईल असेही समजू नका. कोणते गाव, वडील काय करतात, लग्नात काय विधी झाले, हे प्रश्न तेथील मंडळीही विचारतात, आणि आडनावावरून उत्तर मिळाले नाही तर ते आणखी बारकाईने विचारले जातात. नोकरीच्या पहिल्या चाळणीत बदलाचा उपयोग होईल. भारतीय सहकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर तो किती होईल, याची खात्री मी देऊ शकत नाही. हा निर्णय आपला आहे आणि आपण कोणताही घेतला तरी त्याचे स्पष्टीकरण कोणाला देणे लागत नाही.

बदलायचे ठरल्यास क्रम महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रण संचालनालयाकडे अर्ज करून राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या, त्यानंतर आधार, पॅन आणि शेवटी पासपोर्ट. आणि हे सर्व विद्यापीठाचे प्रवेशपत्र व विद्यार्थी परवाना निघण्यापूर्वी व्हावे. परवाना एका नावावर आणि पासपोर्ट दुसऱ्या नावावर, अशी अवस्था विमानतळावर फार महाग पडते. शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचे प्रमाणपत्र सहसा जुन्याच नावाचे राहते, म्हणून राजपत्राच्या काही प्रती कायम जवळ ठेवा.

या सर्वांआधी एक गोष्ट करा. आपल्याकडे जात प्रमाणपत्र असेल पण जात वैधता प्रमाणपत्र नसेल, तर ते जुन्या नावानेच आधी काढून घ्या. पडताळणी समिती वंशावळ आणि रक्ताच्या नात्यातील व्यक्तींची जुनी कागदपत्रे तपासते, आणि त्या साखळीत मध्येच वेगळे आडनाव आले तर त्याचा त्रास आपल्याला एकट्याला होत नाही. उद्या आपल्या धाकट्या भावंडांना किंवा मुलांना आपले प्रमाणपत्र पुरावा म्हणून जोडायचे असेल तेव्हा त्यांनाही होतो. शिष्यवृत्ती घेऊन जाणार असाल तर ती मंजूर करणाऱ्या कार्यालयालाही नावबदल लेखी कळवा आणि त्याची पोच घेऊन ठेवा.